संसाराचा भार आणि उंबरठ्यावरील रांगोळी



पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील जूचंद्र हे गाव रांगोळीचे गाव म्हणून ओळखले जाते. नायगावच्या पूर्वेस, वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. टेकडीवर चंडिकादेवीचे मंदिर, पायथ्याशी जुनी आगरी वस्ती, भोवती भातशेती आणि खाडीच्या बाजूस मिठागरे, असे या गावाचे परंपरागत रूप. आता त्याच्या आजूबाजूस उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पाहता पाहता हे खेडे एका मोठ्या नगराचा भाग होऊन गेले. या साऱ्या स्थित्यंतरात गावाने रांगोळी मात्र सोडली नाही.

दिवाळीच्या दिवसांत येथे रांगोळीची प्रदर्शने भरतात. थोर पुरुषांची व्यक्तिचित्रे, सामाजिक प्रश्नांवरील देखावे, निसर्गदृश्ये असे नानाविध विषय गावातील तरुण-तरुणी जमिनीवर साकार करतात. रंगांच्या छटा एकमेकींत अशा मिसळलेल्या असतात की, पाहणाऱ्याला ते रंगवलेले तैलचित्रच वाटावे. एकेका चित्रासाठी कलावंताला तासन्‌तास वाकून बसावे लागते. या कलेचे जेवढे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

परंतु आजच्या भाषणाचा विषय प्रदर्शनातील रांगोळी हा नाही. ज्या रांगोळीतून हे प्रदर्शन जन्माला आले, त्या दारातल्या रांगोळीकडे आज थोडे लक्ष वेधावयाचे आहे. या रांगोळीला परीक्षक नसतो, पारितोषिक नसते आणि तिचे छायाचित्रही कोणी घेत नाही. ती काढणाऱ्या गृहिणीस त्यासाठी जेमतेम दहा मिनिटे मिळतात. या दहा मिनिटांचा विचार शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी का करावा, हे सांगण्यासाठी प्रथम तिच्या उरलेल्या दिवसाकडे पाहावे लागेल.

जूचंद्रसारख्या गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घरात पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले सासरे आहेत, गुडघेदुखीने त्रस्त सासूबाई आहेत, शाळेत जाणारी दोन मुले आहेत. घरधनी सकाळी नायगाव स्थानक गाठून लोकलने मुंबईस कामाला जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. मधल्या काळात घराची सारी सूत्रे सुनेच्या हाती असतात. पाणी येण्याची वेळ, मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधे, त्यांतली काही जेवणापूर्वीची, काही जेवणानंतरची. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर पाठीवर, कमरेवर आणि टाचांवर शय्याव्रण होण्याची भीती असते. म्हणजे बाजारात जायचे झाले तरी तिला घड्याळाकडे पाहूनच जावे लागते. रात्रीची झोपही अशीच तुकड्यातुकड्यांनी होते. हे घर एखादे विशेष दुर्दैवी घर नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. आयुर्मान वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय; पण वाढलेल्या आयुष्यासोबत शुश्रूषेची वर्षेही वाढतात आणि ती वर्षे कोणाच्या तरी हातून पार पडतात.

ते हात कोणाचे, याचे उत्तर केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणाने आकड्यांत दिले आहे. १५ ते ५९ वयोगटातील ज्या स्त्रिया घरची बिनमोल कामे करतात, त्यांचा दिवसातील सरासरी ३०५ मिनिटांचा वेळ त्या कामांत जातो. म्हणजे पाच तासांहून अधिक. याशिवाय याच वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील मुले, वृद्ध वा आजारी माणसे यांच्या देखभालीत गुंतलेल्या असतात व त्यांना त्यासाठी रोज सरासरी १४० मिनिटे द्यावी लागतात. पुरुषांमध्ये असे काम करणाऱ्यांचे प्रमाण २१.४ टक्के असून त्यांचा वेळ ७४ मिनिटे आहे. हे आकडे कोणास दोष देण्यासाठी नाहीत. एखाद्या गावाचे अंदाजपत्रक मांडताना जमेची आणि खर्चाची बाजू जशी मांडावी लागते, तसा हा घरोघरीच्या श्रमाचा हिशेब आहे, आणि तो बहुधा कोठेच लिहिला जात नाही.

आता पुन्हा त्या दहा मिनिटांकडे वळावे. पहाटे अंगण झाडून, सडा घालून ही गृहिणी उंबरठ्यापाशी बसते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रांगोळी धरते. ही रांगोळी पूर्वी विकतचीच असे असेही नाही. देशावर शिरगोळ्याचा मऊ दगड कुटून ती करीत. कोकणपट्टीत भाताची फोलपटे जाळून उरलेल्या पांढऱ्या राखेचीही रांगोळी होत असे. स्वस्तिक, कमळ, शंख, चंद्र-सूर्य, चातुर्मास असल्यास गोपद्मे, चैत्र असल्यास चैत्रांगण. आज किती ठिपके घ्यावयाचे, कोठून रेघ वळवावयाची, कोणता रंग भरावयाचा, हे सर्वस्वी तिने ठरवावयाचे असते. दिवसभरातील बाकीच्या बहुतेक गोष्टी इतरांच्या भुकेने, इतरांच्या वेळेने आणि इतरांच्या दुखण्याने ठरतात.

दुसरी गोष्ट अशी की, रांगोळी पूर्ण होते. शुश्रूषेचे काम पूर्ण होत नाही. भांडी घासून होतात तोच पुढचे जेवण उभे राहते. चादर बदलून होते तोच ती पुन्हा बदलावी लागते. आणि वृद्धाच्या आजारात तर कितीही सेवा केली तरी प्रकृती उतरणीलाच लागलेली असते. अशा कामात मनुष्याला आपण काही केले असे दिसतच नाही. कामाने शरीर थकते, पण काम दिसत नसल्याने मनही खचत जाते. रांगोळीची शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळते तेव्हा निदान एक गोष्ट पुरी झालेली डोळ्यांना दिसते. शेजारीण जाता जाता थांबते, ‘आज मोर छान उतरला हो’ असे म्हणते. आतून सासऱ्यांची हाक येते आणि ती उठते. या एका वाक्याचा आधार तिला दुपारपर्यंत पुरतो.

घरच्या कामाच्या ओघातच असा विसावा शोधण्याची रीत महाराष्ट्रातील स्त्रियांना नवी नाही. पिठाची गिरणी येण्यापूर्वी पहाटे जात्यावर बसावे लागे. ते काम अत्यंत कष्टाचे होते. पण दोघी समोरासमोर बसल्या की, ओवी आपोआप सुरू होई. माहेरची आठवण, भावाची वाट, लेकराचे कौतुक, सासरचा जाच, विठ्ठलाचा धावा हे सारे त्या घरघरीत मिसळून जाई. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात एकत्र केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा मोठा ठेवा ज्यांनी निर्माण केला, त्यांतील बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती आणि त्यांपैकी कोणीही स्वतःस कवयित्री म्हणवून घेतले नव्हते.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १८८० साली जळगावजवळच्या आसोदे येथे त्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. भाऊबंदकीची झळ लागली. ओंकार या मुलास प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. शेती, घर आणि मुलांचे संगोपन यांचा भार वाहत असतानाच, शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्यांच्या ओठांतून कविता येत गेली. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी त्या कविता टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

या उदाहरणावरून मात्र एक चुकीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कष्टांतूनच काव्य फुलते, तेव्हा कष्ट असू द्यावेत, असे काहींना वाटते. बहिणाबाईंच्या कविता टिपून घेणारा मुलगा त्यांच्या घरी होता. ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते, अशा असंख्य स्त्रियांच्या ओव्या जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेल्या. शिवाय, गिरणी आली म्हणून कोणत्याही स्त्रीने हळहळ केली नाही. पहाटेचे ते जड काम सुटले, हे योग्यच झाले. फक्त एवढेच झाले की, दोघी समोरासमोर बसण्याची जागाही त्याच वेळी हातची गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा निर्माण करण्याचे भान समाजाला राहिले नाही. काम वाचले, पण वाचलेला वेळ दुसऱ्या कामाने भरून काढला.

याच पालघर जिल्ह्यातील वारली चित्रांचा इतिहासही येथे आठवावा. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. सत्तरीच्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी आपल्या असामान्य प्रतिभेने ते जगभर नेले आणि २०११ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. त्यांचा हा गौरव सर्वार्थाने उचित होता. मात्र चित्र कागदावर आल्यावर जी नावे जगापुढे आली ती प्रामुख्याने पुरुषांची होती, हेही नमूद केले पाहिजे. याचे एक साधे कारण असे की, कलेला सलग वेळ लागतो आणि घरात सलग वेळ कोणाला मिळतो, हे वरील आकड्यांनी सांगितलेच आहे. जूचंद्रच्या प्रदर्शनात मोठी रांगोळी काढावयाची तर आठ-दहा तास मोकळे लागतात. ज्या घरातील सून वा लेक तेथे बसू शकते, त्या घरात त्या दिवशी भात कोणी तरी दुसऱ्याने शिजवलेला असतो आणि आजोबांची कूस कोणी तरी दुसऱ्याने बदललेली असते.

म्हणून लहानशा आनंदाचे गोडवे गाताना एक सावधगिरी बाळगावी लागते. रांगोळीची दहा मिनिटे ही शुश्रूषेच्या भाराला पर्याय नाहीत. ‘तिला त्यातच आनंद आहे’ असे म्हणून घरातील इतरांनी अंग काढून घेतले, तर तो आनंदही फार दिवस टिकत नाही. सतत जागरण, चिडचिड, जेवणावरील वासना उडणे, लहानसहान गोष्टींनी डोळ्यांत पाणी येणे ही शुश्रूषा करणाऱ्याच्या थकव्याची लक्षणे होत. एखाद्या दारातील रांगोळी अनेक दिवस दिसेनाशी झाली, तर शेजाऱ्यांनी आत डोकावून विचारपूस करावी, हे उत्तम. कदाचित घरात कोणी अधिक आजारी असेल. कदाचित जिने सर्वांचे करावयाचे तीच आजारी असेल.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी २००७ साली केंद्रीय अधिनियम झाला. त्यातील ‘अपत्य’ या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश होतो. सुनेचा होत नाही. म्हणजे सांभाळाची जबाबदारी कायद्याने लेकावर आणि लेकीवर टाकली आहे, पण प्रत्यक्ष सेवा बहुतेक घरांत सून करते. राज्य शासनाने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पत्नी हयात नसलेल्या अथवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळलेल्या पत्नीच्या पतीसही ती देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु पत्नी धडधाकट असतानाही मुलाच्या आजारपणात बापाने उशाशी बसावे, ही गोष्ट रजेच्या नियमांच्या आधी घराच्या रीतीत उतरली पाहिजे.

या दृष्टीने प्रत्येकास आपापल्या जागी काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांना मुलामुलींच्या मनावर हे बिंबविता येईल की, आजीला औषध देणे, पाणी भरणे, भाजी निवडणे ही कामे मुलीची नव्हेत, घराची आहेत. एखाद्या शनिवारी वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या घरात कोण किती वाजता उठते आणि कोण किती वाजता झोपते, एवढे लिहून आणले, तरी त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे निघेल. चित्रकलेच्या तासाला मुलांना आईकडून अथवा आजीकडून एक रांगोळी शिकून यावयास सांगावे. त्या निमित्ताने घरातील दोन पिढ्या काही काळ एकत्र बसतील.

पंचायत सदस्यांना आणि नगरसेवकांना सभेची वेळ ठरविताना पाहता येईल की, ती घरकामाच्या आणि औषधाच्या वेळेवर येत नाही ना. महिला सभा असेल तेव्हा लहान मुलांना बसावयास जागा आणि त्यांच्याकडे पाहणारे माणूस असावे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्या बहुतेक गावांत आहेत; तेथे येणाऱ्या मातांशी चार शब्द बोलण्यास वेळ काढावा. घरी अंथरुणास खिळलेले रुग्ण असलेल्या कुटुंबांची वस्तीवार यादी करून, आठवड्यातून दोन तास शेजारच्या कोणी तेथे बसावे अशी पाळी लावता येईल. दोन तास ही फार मोठी गोष्ट नाही. पण त्या दोन तासांत एखादी स्त्री माहेरी जाऊन येईल, भजनास बसेल, स्वतःचे दुखणे दाखविण्यास दवाखान्यात जाईल किंवा नुसती शांत झोपेल.

आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी रुग्णाची प्रकृती विचारताना त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही ‘तुम्ही कशा आहात?’ असे विचारावे. कूस कशी बदलावी, उचलताना स्वतःच्या कमरेस इजा होऊ नये म्हणून कसे वाकावे, हे पंधरा मिनिटांत शिकविता येते. ते पुष्कळ घरांत कोणी शिकविलेलेच नसते.

आणि घरातील पुरुषांनी काय करावे? त्याचे उत्तर सर्वांत साधे आहे. रविवारी लोकल पकडावयाची नसते. त्या दिवशी वडिलांची कूस मुलाने बदलावी, त्यांना भरवावे, त्यांचे अंग पुसावे. पहिल्या वेळी हात अडखळतील. वडिलांनाही संकोच वाटेल. पण ज्या हातांनी आपल्याला एके काळी उचलून घेतले त्या हातांना आधार देताना मुलालाही जे समाधान लाभते, ते आजवर तो बायकोवर सोपवून बसला होता, हे त्याच्या ध्यानात येईल. शुश्रूषेत केवळ श्रमच असतात असे नाही. वृद्धांच्या जुन्या आठवणी, भातलावणीच्या आणि मिठागरांच्या गोष्टी, एखादे विसरलेले धवलगीत हे सारे त्या अंथरुणापाशीच ऐकावयास मिळते. भार वाटून घेणाऱ्याच्या वाट्यास हा आनंदही येतो.

रांगोळी संध्याकाळपर्यंत विस्कटते. मुलांची पावले उमटतात, वारा येतो, कोंबडी फिरून जाते. दुसऱ्या दिवशी ती झाडून तेथे नवी काढावी लागते. जूचंद्रमधील प्रदर्शनातील चित्रांचीही शेवटी हीच गत होते आणि त्याचे दुःख कोणी करीत नाही, कारण उद्या पुन्हा काढता येईल याची खात्री असते. घरोघरी शुश्रूषेत गुंतलेल्या प्रत्येक स्त्रीला, आणि पुरुषालाही, ही खात्री देणे एवढेच काम गावाने आणि शासनाने मिळून करावयाचे आहे. उद्या पहाटे ती अंगणात येईल तेव्हा तिला तिची दहा मिनिटे मिळाली पाहिजेत, आणि त्या वेळात आतून हाक आलीच, तर ‘तू बस, मी पाहतो’ असे म्हणणारे कोणी तरी घरात असले पाहिजे.